चार बोटं वायर

कॉलेजच्या पटांगणात मांडवाचे बांबू येऊन पडले की मी मान फिरवून पुढं जातो. डिसेंबर संपत आलेला असतो. सोलापुरात थंडी फार दिवस मुक्काम करत नाही. संक्रांत झाली की काढता पाय घेते. तेवढ्या थोडक्या दिवसांत आमचं गॅदरिंग बसवायचं असतं. वरच्या मजल्यावर बाकं भिंतीला सारून पोरी नाच बसवतात, खाली प्रयोगशाळेच्या छतावर धपधप होते, आणि काचेच्या कपाटातले लोलक एकमेकांना लागून बारीक किणकिणतात. मी पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. सत्तावीस वर्षं झाली. मुलं मला शिंदे सर म्हणतात, तो त्यांचा चांगुलपणा.

सगळ्यांना हे दिवस आवडतात. गावाकडून, केमहून थोरल्या भावाचा फोन येतो, "हुरडा आलाय, ये की." मी जातो. शेतात गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजलेली असतात, गरम कणीस हातावर चोळलं की हिरवे दाणे तळव्यात जमतात. भाऊ दह्यात कालवलेली चटणी पुढं करतो. पण कणीस चोळणारा त्याचा अंगठा बघता बघता मला दुसराच एक अंगठा दिसायला लागतो. दोऱ्याच्या घर्षणानं मधोमध खाच पडलेला. मग दाणे तळव्यातच निवतात. भाऊ म्हणतो, "तुझं लक्ष कुटं हाय?" मी म्हणतो, "इथंच आहे."

प्रयोगशाळेत खिडकीजवळ एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या खालच्या कप्प्यात, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली एक तलवार आहे. खरी नव्हे. मूठ अ‍ॅल्युमिनियमच्या नळीची, पातं दुधी प्लास्टिकच्या नळीचं. बटण दाबलं की मुठीपासून टोकापर्यंत उजेड चढत जातो आणि पातं निळं होतं. हलवली की घुमते. परदेशी सिनेमांतून अशा तलवारी पोरांच्या डोक्यात शिरल्या आहेत. आठ-दहा वर्षांपूर्वी बारावीच्या मुलांनी स्वतः नाटक लिहिलं होतं, दुसऱ्या कुठल्याशा ग्रहावरच्या राणीचं. राणी झालेली स्नेहल माझ्याकडं मोबाइलवर फोटो घेऊन आली.

"सर, खेळण्यातली नको. हातात घेतल्यावर वजन वाटलं पाहिजे."

"बरं."

"आणि मुठीला खिडकी पाहिजे. आतलं सगळं दिसलं पाहिजे. त्यालाच तर भाव आहे सर!"

त्या खिडकीनंच घात केला, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. खिडकीचा काही दोष नव्हता.

अंबादास आमच्या कॉलेजच्या कुंपणापलीकडच्या कारखान्यात टॉवेलच्या मागावर होता. धागा तुटला की माग आपोआप थांबवणारा एक छोटा सर्किटचा डबा असतो, तो जळाला म्हणून तो पहिल्यांदा माझ्याकडं आला. मी डबा दुरुस्त केला. दुसऱ्या दिवशी त्यानं येऊन, काही न विचारता, प्रयोगशाळेच्या पडद्याची तुटलेली दोरी सांधून दिली. गाठ कुठं आहे ते बोटाला लागेना. तेव्हापासून तो येत राहिला. घरात तेलुगू, कारखान्यात मिळेल ती भाषा, माझ्याशी सोलापुरी मराठी. रात्रपाळी करून, झोप काढून तो दुपारी तीनला यायचा आणि दारातच खोकायचा. कापसाची बारीक धूळ छातीत बसलेली. डॉक्टरांनी माग सोडायला सांगितलं होतं. माग सोडून करायचं काय, ते सांगितलं नव्हतं.

"काय करलालाव सर? पाइप धरून बसलाव?"

"तलवार करतोय."

"कुणाला मारायचंय?"

"कुणाला नाही. लाइटची आहे. नुसती आवाज करते."

"मग आमच्या मालकासारखी हाय की!" तो हसला, आणि हसता हसता त्याला खोकला लागला.

दुसऱ्या दिवशी तो एक जुना धोटा घेऊन आला. आडवा धागा घेऊन मागावर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळणारी ती लाकडी होडी. वर्षानुवर्षं पळून पळून शिसवीसारखी गुळगुळीत झालेली. होडीच्या पोटात सुताची कांडी बसते. अंबादासनं माझ्या टेबलावरचा सेल उचलला आणि त्या पोकळीत ठेवला. "कांडी बसती, मग ह्यो का बसणार न्हाई?" सेल असा बसला, की जणू त्यासाठीच ते लाकूड कोरलं होतं.

पुढचे वीस दिवस आम्ही दोघं त्या तलवारीत होतो. मला ते दिवस वासांनी आठवतात. तापलेल्या कथिलाचा वास, रंध्यानं सोललेल्या लाकडाचा वास, आणि त्याच्या घरून येणाऱ्या डब्यातल्या शेंगाचटणीचा. डबा त्याची बायको पद्मा बांधून द्यायची. कडक भाकरी मोडून, त्यावर चटणी, वर तेल. आम्ही टेबलाच्या एका कोपऱ्यात कागद पसरून खायचो आणि तेलकट बोटं पुसून पुन्हा कामाला लागायचो. त्यानं धोटा सोलून मुठीच्या नळीत जाईल एवढा बारीक केला. मी आवाजाचं सर्किट बसवलं, नवी पेठेतल्या दुकानातून आणलेल्या खेळण्यातल्या मोटारीचा स्पीकर काढून मुठीच्या बुडाशी लावला. वायरी जोडल्या मी, बांधल्या त्यानं. खळ लावलेल्या पांढऱ्या दोऱ्यानं, बोटाबोटाच्या अंतरावर एकेक गाठ. एवढं देखणं काम मी कारखान्यातून आलेल्या यंत्रातसुद्धा पाहिलं नव्हतं.

फक्त एक गोष्ट मला खटकायची. प्रत्येक वायर तो गरजेपेक्षा चार बोटं लांब ठेवायचा आणि तेवढी दुमडून, वळी करून, सेलच्या बाजूला निजवायचा.

"हे कशाला? कापून टाक की."

"असू द्या सर. पुढच्याला लागतंय."

"कोण पुढचा?"

"कोण का असंना."

मग त्यानं सांगितलं. माग कधी पुरता रिकामा करत नाहीत. कापड उतरवलं तरी उभ्या धाग्यांची शेपटं मागातच राहू देतात. नवीन सूत आलं की त्याचा एकेक धागा त्या शेपटांना गाठ मारून ओढून घ्यायचा. कुणी शेपटं कापली, तर पुढच्या माणसाला हजारो धागे पहिल्यापासून ओवत बसावं लागतं. "कापणाऱ्याला लोकं मेल्यावर बी शिव्या देतात सर." आणि दुसरंही एक कारण होतं. मुठीत सेल स्प्रिंगवर बसवला होता. तलवार फिरवली की तो जागच्या जागी किंचित पुढं-मागं सरकायचा. "धोटा पळणार. पळत्या वस्तूला ताणून बांधू ने."

मी मान हलवली. समजून नव्हे. मला वाटलं, विणकराची सवय आहे, विजेचं त्याला काय कळणार.

आवाज त्याचाच. इंटरनेटवरचे घुमणारे आवाज मुलांना पटेनात. अंबादास म्हणाला, आमचा कारखाना कुंपणाच्या ह्या बाजूनं ऐका. खरंच, भिंतीआडून तीसेक मागांची खटखट एकजीव होऊन येते, मोठ्या भुंग्यासारखी. मोबाइलवर टिपून घेतली, कॉम्प्युटरवर संथ केली. टिपताना शेवटी त्याला खोकला आला. "परत घेऊ?" तो म्हणाला. मी म्हटलं, राहू दे, घुमण्यात कुणाला कळतंय. कुणालाही कळलं नाही.

प्राचार्य मॅडमना मी आधीच सांगून ठेवलं होतं, माणूस हुन्नरी आहे, वर्कशॉपला घ्या. त्या म्हणाल्या, "माणूस हवाच आहे. गॅदरिंगला त्याचं काम बघू." हे मी अंबादासला सांगितलं, त्यानं घरी सांगितलं. दोन दिवसांनी डबा द्यायला पद्मा स्वतः आली. प्रयोगशाळेच्या दारात, चपला बाहेर काढून, पदर सावरत उभी राहिली.

"सर, हुईल न्हवं काम ह्यांचं? सावलीत बसून करायचं असतंय म्हणं."

"झालंच समजा वहिनी."

हे शब्द मी उच्चारले होते. इतर पुष्कळ गोष्टी धूसर झाल्या. हे शब्द आणि तिच्या अनवाणी पायांखालची काळी-पांढरी फरशी तेवढी लख्ख आहे.

गॅदरिंगच्या आदल्या दिवशी दुपारी मी एकटाच होतो. मॅडम पाहुण्यांना घेऊन प्रयोगशाळा दाखवायला येणार होत्या. मी तलवार पुसली, उजेडात धरली. मुठीच्या खिडकीतून गाठींची सुरेख ओळ दिसत होती आणि तिच्या शेजारी त्या दुमडलेल्या वळ्या. मला त्या आतड्यांसारख्या दिसल्या. आयटीआयला असताना आमचे गुरुजी पट्टीनं हातावर मारायचे, जास्तीची वायर म्हणजे आळशी माणूस. मी मूठ उघडली. कटर घेतलं. वळ्या कापल्या, टोकं ताठ ओढून पुन्हा जोडली. अर्धा तास लागला. आता आत सगळं सरळ, समांतर, ताणलेलं. मी फोटो काढला आणि स्टाफच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘तलवारीची अंतर्गत जोडणी’. अंगठे आले. "वा शिंदे सर!" "काय सफाई आहे!" मी सगळ्यांना धन्यवाद लिहिलं. अंबादासचं नाव लिहायला चार अक्षरं लागली असती.

संध्याकाळी तो आला तेव्हा मूठ बंद होती. मी सांगितलं नाही. म्हटलं, कशाला त्याचं मन दुखवा.

दुसऱ्या दिवशी मांडव भरला होता. अंबादास इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पडद्याजवळ उभा, पद्मा बायकांच्या रांगेत, खास नेसलेलं हिरवं लुगडं. स्नेहलनं तलवार पेटवली तेव्हा पोरांनी शिट्ट्यांनी मांडव डोक्यावर घेतला. शेवटच्या प्रवेशात राणीनं तलवार डोक्यावरून गरगर फिरवायची होती. तिनं फिरवली. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी पातं विझलं. घुमणं बंद झालं. तिनं बटण दाबलं, पुन्हा दाबलं. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "महाराणी, चार्जिंग संपलं!" आणि सगळा मांडव हसायला लागला. पोर बिचारी अंधारलेली नळी वर धरून तशीच उभी.

पडदा पडल्यावर मॅडम आत आल्या. पाहुणे त्यांच्या मागं.

"शिंदे, कुणी केलं होतं हे?"

मला माहीत होतं काय झालं आहे. सेल सरकला असणार, ताणलेली वायर जोडातून निखळली असणार. ज्या क्षणी विझलं त्याच क्षणी कळलं होतं. आणि तरी माझ्या तोंडून निघालं, "आतलं काम अंबादासचं आहे मॅडम. मागावरचा माणूस. वायरिंगचा हात नाही त्याचा."

तो चार पावलांवर होता. कानांनी त्याला कमी ऐकू यायचं, मागांच्या खटखटीनं. मी पुष्कळ वर्षं ही आशा जपली, की ऐकलं नसेल. पण त्यानं खाली मान घातली होती, आणि ऐकू न आलेला माणूस खाली मान घालत नाही.

"मग राहू दे," मॅडम म्हणाल्या. एवढंच.

तलवार तो घरी घेऊन गेला. तीन दिवसांनी दुरुस्त करून आणून दिली. मी टेबलाशी होतो, मान वर केली नाही. "परत चार बोटं ठेवलीयत सर," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. एखादी वस्तू कुठं ठेवली ते सांगावं तसं. मी "हं" म्हणालो. मग त्यानं टेबलावरचा आपला रिकामा डबा घेतला आणि गेला. त्यानंतर दुपारी तीनला दारात कुणी खोकलं नाही. कुंपणापलीकडून मागांची घुमघुम यायची, तीतला एक माग त्याचा आहे हे मला माहीत असायचं, आणि मी खिडकी लावून घ्यायचो.

दोन वर्षांनी पावसाळ्यात तो गेला. छातीच्याच दुखण्यानं. मी गेलो होतो मातीला. लोकांच्या मागं उभा राहिलो आणि लोकांच्या आधी निघालो.

नीटनेटकेपणा म्हणजे काय, याचा मी त्यानंतर फार विचार केला. माझी बायको म्हणते, तुमच्या कपाटासारखं कपाट गावात नाही. खरं आहे. माझ्या कपाटात सगळं सरळ असतं. पण नीटनेटकेपणा दोन प्रकारचा असतो हे मला उशिरा कळलं. एक फोटोसाठी असतो. दुसऱ्यात पुढच्या कुणाच्या तरी हाताची वाट बघितलेली असते. आणि मला ते मॅडमपुढं उभा राहण्याआधी कळलं असतं, तर मी खरं बोललो असतो का? इथं येऊन माझा विचार दर वेळी थांबतो. बहुधा नसतो बोललो.

यंदा नवीन मुलांना ती तलवार हवी आहे. कुणीतरी जुना फोटो पाहिला, तोच, माझा. परवा दुपारी मी कपाट उघडलं. टॉवेल सोडला. सेल केव्हाच मेलेला, फुगून धोट्यात रुतलेला. मी घाबरत घाबरत मूठ उघडली. आत गाठींची ओळ होती, खळ जराशी पिवळी पडलेली, आणि बाजूला त्या वळ्या. नवीन सेल किंचित वेगळ्या मापाचा होता, जुन्या जोडापर्यंत पोचला नसता. वळी उलगडली, वायर पुढं आली, पुरली. दहा मिनिटांत काम झालं. एक गाठसुद्धा सोडावी लागली नाही. ‘पुढचा’ मी निघालो.

बटण दाबलं. पातं निळं झालं, भिंतीवर माझी सावली उमटली. तलवार घुमायला लागली. तीस मागांचा तो कारखाना आता बंद आहे, तिथं मंगल कार्यालय उभं आहे, पण माझ्या हातात तो चालू होता. आणि मग, घुमणं संपून पुन्हा सुरू व्हायच्या बेतात असताना, खोकला आला. संथ केलेला, खोल, लांबून आल्यासारखा. मी उभा राहिलो. पुन्हा घुमणं, पुन्हा खोकला. वरच्या मजल्यावर पोरी नाचत होत्या. मी बटण बंद करायला हवं होतं. करवेना. बंद करणं म्हणजे त्याला पुन्हा दाराबाहेर घालवणं.

रविवारी सकाळी मी पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, अंबादासच्या घरी गेलो. तलवार नेली नाही. खोकला पद्मानं पुरेसा ऐकलेला होता.

ती ओट्यावर बसली होती, मांडीवर सूप, सुपात तंबाखू. कात्रीनं विडीची पानं मापात कापत होती. मला बघून गडबडीनं उठायला लागली.

"सर! बसा की. चा टाकते."

"चहा नको वहिनी. बोलायला आलोय."

मी सांगितलं. एका दमात, वर न बघता. वळ्या मी कापल्या. वायर त्यामुळं निखळली. मॅडमना मी खोटं सांगितलं. तुमच्या माणसाचं काम माझ्या तोंडानं गेलं. सांगून झालं तेव्हा कात्री थांबली होती. मी शिव्यांची तयारी करून गेलो होतो. तिनं हाकलून द्यावं, गल्ली गोळा करावी, असं वाटत होतं.

"ते तर म्हणले, माझीच गाठ सुटली," ती हळू म्हणाली. "त्याच दिशी. घरी आल्यावर."

"गाठ सुटली नव्हती वहिनी."

"त्यांना म्हायती हुतं? तुमी कापल्यालं?"

"हो. उघडल्याबरोबर दिसलं असणार त्याला."

तिनं कापलेली पानं गोळा केली, कडेला कड लावली, पुन्हा पसरली.

"मी लई बोलले सर त्यांना. दोन वर्सं. खोकला लागला की मी म्हणायचे, एक गाठ धड मारली असती तर आज सावलीत बसला असता. जेवताना बी म्हणायचे. ते गेले त्या दिशी सकाळी बी मी म्हणले."

"मग तो काय म्हणायचा?"

"काय न्हाई. ऐकून घ्यायचे."

गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. माझं ठरवून आणलेलं बोलणं मी पुढं केलं, "चूक माझी आहे वहिनी, तुमचा ह्यात काही..."

तिनं हात वर केला. रागानं नव्हे. फक्त थांबवायला.

"तुमी आला, मला सांगितलं. तुमाला आता हलकं वाटत असंल," ती म्हणाली. "मी कुणाला सांगू?"

मला हलकं वाटत नव्हतं. हे तिला न सांगताच मी निघालो. तेवढं तरी मला तिच्या अंगावर टाकायचं नव्हतं.